‘आमच्याकडे’ म्हणजे कुणाकडे?

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून)

ताई, सादर नमस्कार.

मी तेवीस वर्षांची असून पुण्यात जर्मन विषयात एम.ए. करीत आहे. शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे गेले एक वर्ष मी जर्मनीत ग्योटिंगेनच्या विद्यापीठात शिकत होते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला धायरीला घरी परतले. घरात आई, बाबा, आजी आणि बारावीतला भाऊ आहे. परत येऊन अडीच महिने झाले, तरी माझे मन थाऱ्यावर नाही.

तिकडे माझी चौदा चौरस मीटरची खोली होती आणि तिची किल्ली फक्त माझ्याकडे होती. रात्री अकरा वाजता मी ग्रंथालयातून सायकलवरून एकटी परतत असे. इथे संध्याकाळी सातला बाहेर पडायचे म्हटले तरी कुठे, कुणाबरोबर आणि परत कधी, हे तीन प्रश्न आधी येतात. आतली खोली बारावीमुळे भावाला दिली आहे. माझ्या टेबलावर आता आईच्या डब्यांची चळत असते. मागच्या दिवाळीनंतर तिने बाहेर डबे द्यायला सुरुवात केली, त्यामुळे रविवार सोडला तर तिला माझ्याशी बोलायलाही वेळ नसतो. आजी मार्चमध्ये न्हाणीघरात पडली होती, हे मला परत आल्यावर तिच्या हातातली काठी पाहून कळले. फेब्रुवारीत मीही आठवडाभर तापाने पडून होते आणि ते घरी कळवले नव्हते, पण ती गोष्ट वेगळी.

मैत्रिणी दहा मिनिटे ऐकतात आणि मग नोकऱ्या, साखरपुडे यांवर वळतात. नातेवाईक “जरा जर्मन बोलून दाखव” म्हणतात, मावशीला माझा रंग उजळल्याचे कौतुक आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयात माझ्या गुणपत्रिकेवरचा १.३ हा आकडा पाहून “एवढे कमी?” असे विचारण्यात आले. तिकडच्या वसतिगृहातली शेजारीण मला रेडिओ-शुल्काच्या (तिथे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी घरागणिक भरावे लागणारे शुल्क) मागणीपत्रांचे फोटो पाठवते आहे, ते निराळेच.

परवा जेवताना मी बोलून गेले, “आमच्याकडे रविवारी दुकाने बंद असतात.” बाबांनी घास हातात तसाच धरून विचारले, “आमच्याकडे म्हणजे कुणाकडे गं?” त्यानंतर पानावर कुणी काही बोलले नाही. रात्री झोप आली नाही की मी फोनवर ग्योटिंगेनच्या बसचे वेळापत्रक उघडून बघत बसते. मी कृतघ्न झाले आहे का? पदवी हातात आली की परत निघून जावे का?

एक वाचक, पुणे


उत्तर

सप्रेम नमस्कार.

कृतघ्न माणसाला बाबांचा थांबलेला घास दिसत नाही. तो तुम्हाला दिसला, इतके दिवस लक्षात राहिला आणि पत्रात लिहावासा वाटला, म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे देऊन मी पुढे जाते.

तुम्ही निघालात तेव्हा घरात काय काय झाले असेल, ते डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही. मेतकुटाची आणि भाजणीची पाकिटे वजनकाट्यावर चढली असतील, लोकरीच्या कपड्यांवरून वाद झाले असतील, पासपोर्ट देवापुढे ठेवला गेला असेल, आणि अनोळखी जागी जाणाऱ्या मुलीला सुरुवातीला जड जाणारच हे प्रत्येकाने गृहीत धरले असेल. येणारी मुलगी मात्र आपल्याच घरी येते, मग तिला जड जाण्यासारखे काय आहे, असे घराला वाटते आणि तिला स्वतःलाही वाटते. त्यामुळे जाण्याचा त्रास सर्वांना मान्य असतो, तर येण्याचा त्रास ज्याचा त्याने लपवून सोसायचा असतो. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून १९५५ मध्ये असे मांडले होते की परदेशी गेलेल्याचे मन आधी उंचावर असते, मग खाली जाते आणि पुढे सावरते. जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी १९६३ मध्ये त्याला जोड दिली, की घरी परतल्यावर हीच घसरण पुन्हा एकदा होते. अशा आलेखांवर माझा फार भरवसा नाही, आणि सगळ्यांची मने एकाच आखलेल्या रेषेवरून चालत नाहीत असे नंतरच्या अभ्यासांतही दिसून आले. तरीही हे उतरणे माणसाच्या स्वभावातला दोष नसून परतण्याचाच एक भाग आहे, हे साठ वर्षांपूर्वीच कुणीतरी नोंदवून ठेवले होते, एवढा दिलासा त्यातून घेण्यास हरकत नाही.

आता त्या शब्दाकडे येऊ, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचा जीव ‘आमच्याकडे’ या एका शब्दात आहे. आपल्या घरांना हा शब्द अनोळखी नाही. लग्न होऊन वर्ष-सहा महिने झालेली मुलगी माहेरी येते आणि भाजी चिरता चिरता बोलून जाते, “आमच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत.” आईच्या काळजात बारीकसे काहीतरी हलते, आजी हसते, कुणीतरी “आता तुझ्याकडचंच खरं बाई” अशी थट्टा करते, आणि विषय संपतो. तो सहज संपतो, कारण तिने दुसऱ्या घराला ‘आमचे’ म्हणावे हे त्या घराने स्वतः अक्षता टाकून मान्य केलेले असते. तिचे दोन घरांत वाटले जाणे रीतीत बसते. तिच्यासाठी माहेरपण नावाची सोय असते, काही दिवस तिला कुणी काम सांगत नाही, तिचे ऐकून घेतले जाते. तुम्ही एक वर्ष दुसरीकडे राहून त्या जागेला ‘आमची’ म्हणू लागलात, पण त्यासाठी कुणी अक्षता टाकल्या नव्हत्या. बाबांच्या दृष्टीने तुम्ही अभ्यासाला गेला होतात, अभ्यास झाला, परत आलात. त्यांचा प्रश्न मला टोमणा वाटत नाही. आपली मुलगी न सांगता कुठेतरी नांदून आली की काय, असे क्षणभर वाटलेल्या बापाचा तो प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर द्यायला हवे होते, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

उत्तर अजूनही देता येईल. बाबा एकटे असतील अशी वेळ पाहून त्यांना सांगा की तो शब्द चुकून आला, पण खोटा नव्हता: त्या गावात वर्षभर तुम्ही स्वतःचे भाडे भरले, स्वतःचे जेवण केले, सरकारी कार्यालयात जाऊन परक्या भाषेत स्वतःच्या राहण्याची नोंद केली आणि हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागला तेव्हा घाबरून न जाता राहिलात, म्हणून ती जागा थोडीशी तुमची झाली. एवढे ऐकल्यावर त्यांना काय वाटेल ते वाटू द्या. माझा अंदाज असा, की दुकाने रविवारी बंद असण्यापेक्षा हे ऐकण्यात त्यांना अधिक रस असेल.

कारण तुम्ही घरच्यांना जे सांगत आहात त्यात, पत्रावरून तरी असे दिसते, की दुकानांच्या वेळा, सायकलींचे रस्ते, बाटली परत केली की हातात पडणारे पंचवीस सेंट आणि रात्री दहानंतरची शांतता हेच जास्त आहे. हा सारा त्या देशाचा संसार आहे. तो कितीही चांगला असला तरी धायरीतल्या माणसाला त्याचे काय करायचे ते कळत नाही, आणि प्रत्येक वाक्य आपल्या घराची झडती घेतल्यासारखे त्याला ऐकू येते. तुम्हाला ज्याची खरी उणीव भासते आहे ते वेगळेच आहे: किल्ली, टेबल, आणि कुणाला न विचारता उशिरा परतण्याची मुभा. या तीन गोष्टी मागण्यासाठी जर्मनीची साक्ष काढण्याची काहीच गरज नाही. उलट ‘तिकडे’ हा शब्द आला रे आला, की भांडण तुमच्या गरजेवरून उठून दोन देशांवर जाते, आणि त्या भांडणात तुमची आजीसुद्धा तुमच्या विरुद्ध बाजूला उभी राहील.

म्हणून माझा आग्रह आहे की एक महिना या तीन बाबतींत ‘तिकडे’ हा शब्द उच्चारू नका आणि प्रत्येक मागणी या घराच्या, या शहराच्या भाषेत मांडा. “बुधवारी आणि शुक्रवारी मला रात्री नऊपर्यंत अभ्यासाला थांबायचे आहे, डेक्कनवरून अमुक बस आहे, बसमध्ये चढले की कळवीन, जेवण झाकून ठेवा,” असे वाक्य कोणत्याही मराठी आईला समजते. दाराची एक जादा किल्ली करून घ्या. ती करायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ आपल्याकडे ती मागायची की नाही या विचारात जातो. टेबलाचे म्हणाल, तर दुपारचे डबे बाहेर पडल्यावर ते मोकळे होत असेल, आणि बारापासून पाचपर्यंत ते तुमचे, असा करार आईशी करता येईल. तिने तो नाकारला तर मला पुन्हा लिहा, पण ती नाकारेल असे मला वाटत नाही.

रात्री अकराला एकटीने परतण्याबद्दल मात्र मी तुमची बाजू पूर्णपणे घेणार नाही. ग्योटिंगेन हे सायकलीवर चालणारे विद्यापीठाचे गाव आहे, आणि सिंहगड रस्त्यावरून रात्री अकराला सायकल चालवणे म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. आईच्या तीन प्रश्नांपैकी निदान ‘परत कधी’ हा प्रश्न काळजीचा आहे. ‘कुणाबरोबर’ या प्रश्नाबद्दल मी तुमच्या बाजूची आहे. तेवीस वर्षांच्या मुलीने त्याचे उत्तर स्वतःहून दिले तर ठीक, पण दर वेळी द्यायला बांधील असू नये. हा फरक शांतपणे, एकदाच बोलून घ्या.

आता मी पत्रातल्या त्या जागेवर येते, जिथे माझे बोट सर्वांत जास्त वेळ थांबले. “मागच्या दिवाळीनंतर तिने बाहेर डबे द्यायला सुरुवात केली.” हे वाक्य तुम्ही टेबलाच्या तक्रारीत, जाता जाता लिहिले आहे. मी मात्र ते तीनदा वाचले. ज्या वर्षी तुम्ही परक्या गावात स्वतःच्या पायावर उभ्या राहिलात, त्याच वर्षी धायरीच्या स्वयंपाकघरात एका बाईने व्यवसाय उभा केला. पहिले गिऱ्हाईक कुणी आणले, डब्याचा भाव तिने कसा ठरवला, पोळ्यांना मदतीला कुणी आहे का, महिना संपला तरी पैसे न देणाऱ्याशी ती कशी बोलते, गॅसची टाकी किती दिवस पुरते, बाबांना हे आधी पटले होते का: यांतले तुम्हाला काय ठाऊक आहे? पत्रात यातले काही नाही. तुमचे ग्योटिंगेन ऐकायला घरात कुणाला वेळ नाही अशी तुमची तक्रार आहे, आणि ती खरी असेल. पण आईचे वर्ष ऐकायला तरी कोण बसले आहे? तिला कुणी “जरा डबा भरून दाखव” असेही म्हणत नाही.

डबे तुमच्या परदेशाच्या खर्चासाठी सुरू झाले, असे मी सुचवीत नाही. तसे असेल किंवा नसेल, आणि मनातल्या मनात तसे धरून तुम्ही अपराधी होऊन बसावे हेही मला नको आहे. विचारा, म्हणजे कळेल. कदाचित मुलगी विमानात एकटी बसू शकते तर आपण चार डबे का देऊ शकत नाही, असे तिला वाटले असेल. कदाचित तुम्ही नसल्यामुळे तिचे हात आणि तुमचे टेबल, दोन्ही मोकळे झाले असतील. कारण कोणतेही असो, तुमच्या घरात बदललेली माणसे निदान दोन आहेत, आणि दुसरी आपल्याला अजून जुनीच समजते म्हणून दोघीही रुसलेल्या आहेत.

तसेच ‘ती गोष्ट वेगळी’ या तीन शब्दांचे. तुम्ही ताप लपवला, कारण एवढ्या दूर असलेल्या घराने उगाच हवालदिल होऊ नये. घराने आजीचे पडणे लपवले, कारण परीक्षेच्या तोंडावर तुम्ही हवालदिल होऊ नये. मला ती गोष्ट अजिबात वेगळी दिसत नाही. हा ताप आता घरी सांगून टाका, आणि आजीला विचारा की ती नेमकी कशी पडली. म्हाताऱ्या माणसांना आपले पडणे तपशिलाने सांगायला आवडते, आणि ऐकणारे सगळे थकलेले असताना नवा श्रोता मिळाला तर फारच आवडते. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी परदेशातून परतले, तेव्हा आईने माझी सगळी निळी हवाई पत्रे तारखेनुसार लावून दोऱ्याने बांधून ठेवलेली होती. तिची पत्रे मी खोली रिकामी करताना टाकून आले होते. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही, म्हणून ते अजून आठवते.

मैत्रिणींबद्दल थोडक्यात. त्यांचेही वर्ष गेले आहे आणि त्यात नोकऱ्या व साखरपुडे होते. दहा मिनिटे ऐकणारी मैत्रीण ही वाईट मैत्रीण नव्हे. नातेवाइकांपुढे चार ओळींचे एखादे जर्मन बडबडगीत तयार ठेवा, म्हणा, टाळ्या घ्या आणि चहा आणायला उठा. मावशीला सांगा की तिथे सहा महिने ऊनच नव्हते.

तुमचे खरे श्रोते दुसरीकडे आहेत. पुढच्या वर्षी तुमच्याच विभागातून जाणारे विद्यार्थी आज या क्षणी वसतिगृह, विमा आणि राहण्याच्या नोंदणीच्या विचाराने घाबरलेले असतील, आणि तुमच्या वर्षातला प्रत्येक बारीकसारीक तपशील, ज्याने मैत्रिणी कंटाळतात, तो त्यांना हवा आहे. विभागप्रमुखांना विचारून एक दुपार त्यांच्याबरोबर बसा. भाषेचेही तसेच आहे. वर्षभर कानावर पडलेली जर्मन न वापरल्यास फार लवकर गंजते, आणि पुण्यात ती वापरायला जागा नाही असे कुणी म्हणू शकणार नाही: फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन आहे, आणि शिकवणी शोधणारी मुले तर गल्लोगल्ली आहेत.

ग्योटिंगेनचे नाव वाचून मला फ्रान्झ किलहॉर्न आठवले, तेवढे सांगण्याचा मोह आवरत नाही. हे जर्मन पंडित १८६६ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले, पंधरा वर्षे इथे राहिले, १८८१ मध्ये परतले आणि पुढच्या वर्षापासून १९०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ग्योटिंगेनलाच शिकवीत होते. संस्कृत व्याकरणावरच्या पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हातात असते; ते काम त्यांनी पुण्यात सुरू केले होते, त्याचा तिसरा आणि शेवटचा खंड १८८५ मध्ये पुरा झाला, म्हणजे ते परतून चार वर्षे झाल्यावर. त्याच वर्षी ग्योटिंगेनच्या विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तुमच्याच दोन गावांमधली ही ये-जा आहे, फक्त दिशा उलटी. पुण्यात हाती घेतलेले काम त्या गृहस्थांनी आपल्या गावी नेऊन तसेच पुढे चालू ठेवले. तुम्हीही तिकडे जो निबंध लिहिलात, जी पुस्तके अर्धवट वाचलीत, त्यातले एखादे काम इथे पुढे न्या. एखादी छोटी जर्मन कथा मराठीत आणून पाहा आणि ती आजीला वाचून दाखवा. कुठे अडखळते ते तिच्या चेहऱ्यावर कळेल, आणि वर्षभर तुम्ही काय करीत होतात हे तिला पहिल्यांदाच समजेल.

कागदपत्रांचा विषय रुक्ष असला तरी तो टाळू नका, कारण अर्धवट राहिलेली कामे मनाला मागे ओढत राहतात. जर्मन पद्धतीत १.० हा सर्वोत्तम गुण असतो, ४.० ला माणूस जेमतेम उत्तीर्ण होतो आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. तुमचे १.३ हे ‘अत्युत्तम’ या श्रेणीत मोडतात. कार्यालयातल्या कारकुनाने दहापैकी १.३ असे वाचले असेल, तर त्याच्यावर रागावून उपयोग नाही. विद्यापीठाकडून मिळालेल्या गुणपत्रिकेसोबत तिथल्या श्रेणींचे स्पष्टीकरण जोडा, विभागप्रमुखांचे पत्र घ्या आणि रूपांतर कसे केले ते लेखी मागा. श्रेयांकांचेही (क्रेडिटचे) पाहा: युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक होतात आणि एका श्रेयांकामागे पंचवीस ते तीस तासांचे काम धरलेले असते, ही माहिती सोबत असली तर इथल्या श्रेयांकांशी मेळ घालणे सोपे जाते. तोंडी आश्वासनावर एम.ए.चे शेवटचे सत्र काढू नका.

रेडिओ-शुल्क महिन्याला १८.३६ युरो असते आणि ते तीन-तीन महिन्यांचे मागितले जाते. तुम्ही देश सोडल्याचे त्या खात्याला आपोआप कळेल या आशेवर राहू नये. नगरपालिकेतली राहण्याची नोंद रद्द केल्याचा दाखला तुमच्याकडे असेल तर त्याची प्रत जोडून त्यांना लेखी कळवा. नसेल तर आधी तो मिळवा. शेजारणीचे आभार माना, आणि तिला फोटो पाठवण्यापलीकडे काही निमित्त द्या.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, परत जावे का. याचे उत्तर मी देणार नाही, पण आज ते तुम्हीही देऊ नये असे मला वाटते, आणि त्याचे कारण सांगते. ज्या वर्षाची तुम्हाला ओढ आहे ते त्या देशातल्या आयुष्याचा नमुना नव्हते. शिष्यवृत्तीवर आलेल्या पाहुण्या विद्यार्थिनीची विद्यापीठ काळजी घेते, तिच्यावर नोकरीचा भार नसतो, कर भरावा लागत नाही, व्हिसाच्या मुदतवाढीची टांगती तलवार नसते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिच्या वर्षाला शेवट ठरलेला असतो. ऑगस्टमध्ये परतायचे आहे हे ठाऊक असल्यामुळेच कदाचित प्रत्येक संध्याकाळ इतकी भरलेली वाटली असेल. पुन्हा जाल तेव्हा हे काहीच सोबत नसेल. ते गाव तेव्हाही आवडेल, पण वेगळ्या कारणांनी आवडावे लागेल. या वेळी धायरीपासून दूर पळण्यासाठी जाणार असाल तर थांबा. एखादा विषय, एखादा मार्गदर्शक, एखादे काम डोळ्यांपुढे ठेवून जाणार असाल तर जरूर जा, आणि तेव्हा घरच्यांना तोच विषय सांगा.

त्याला वेळही आहे. हिवाळी सत्राच्या प्रवेशासाठी अनेक जर्मन विद्यापीठांत अर्जाची मुदत १५ जुलैच्या सुमारास असते, काहींत त्याहून बरीच आधी. स्वतःच्या बळावर शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाआधी शैक्षणिक कागदपत्रांच्या तपासणीचा ‘एपीएस’ दाखला लागतो आणि तो मिळायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. शिष्यवृत्ती नसेल तर वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका गोठवलेल्या खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. तेव्हा आधी एम.ए. पुरे करा, येणारी दिवाळी, भावाची बारावी आणि एक पावसाळा या घरात काढा, आणि बसचे ते वेळापत्रक फोनमधून काढून टाकू नका, त्याने कुणाचे काही बिघडत नाही.

येत्या रविवारी, डब्यांना सुट्टी असेल तेव्हा, आईला पहिला डबा कुणाला गेला ते विचारा. आणि पुढे कधी ते ११,९०४ युरो रुपयांत मांडून, कर्ज, शिष्यवृत्ती आणि शिकवणीचे पैसे यांचा मेळ घालायला बसाल, तेव्हा तिलाच शेजारी बसवा; या वर्षभरात तुमच्या घरात हिशेब लिहिण्याचा सराव तिला सर्वांत जास्त झाला आहे.